सिंथेसायझर, अल्गोरिदम आणि स्वतःचं संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे जवळजवळ सगळे प्रश्न मला कुणी ना कुणी विचारलेले आहेत, बहुतेकदा एखादा ट्रॅक ऐकल्यावर. उत्तरांत माझ्या आवडीनिवडी उघड दिसतील, त्या मी लपवलेल्या नाहीत. वाचणाऱ्याच्या कानावरून थोडाफार तबला-हार्मोनियम गेला आहे असं धरलंय. कोडिंग येतं असं अजिबात धरलेलं नाही.

सिंथेसायझर म्हणजे ऑर्केस्ट्रातला कीबोर्डच ना?

दिसायला बऱ्याचदा तसाच. पण ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डमध्ये सनई, व्हायोलिन, ढोलक असे तयार आवाज भरलेले असतात. तुम्ही नंबर दाबता आणि वाजवता. सिंथेसायझरमध्ये आवाज मुळापासून तुम्ही घडवता. ऑसिलेटर स्वर काढतो, फिल्टर त्यातला काही भाग कापतो, आवाज कसा उठेल नि कसा विझेल हे एन्व्हलप ठरवतो, आणि एलएफओ (म्हणजे फार संथ ऑसिलेटर) यातल्या कुठल्याही गोष्टीला संथपणे हलवत ठेवतो. रॉबर्ट मूगनं १९६४ मध्ये हर्ब डॉइच या संगीतकाराच्या साथीनं जे यंत्र उभं केलं त्यात असे भाग सुटे होते आणि वायरींनी एकमेकांना जोडावे लागत. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला असंच यंत्र बनवत होता आणि त्यानं पियानोच्या पट्ट्या मुद्दाम टाळल्या. पट्ट्या आल्या की माणूस जुनीच गाणी वाजवणार, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. १९७० चा मिनीमूग मात्र पट्ट्यांसकट आला, उचलून कार्यक्रमाला नेता येत होता, आणि बाजारात तोच चालला.

अल्गोरिदमनं संगीत करायचं म्हणजे एआयकडून गाणं करून घ्यायचं, असंच ना?

नाही. ‘पावसाळी संध्याकाळ, बासरी, संथ’ असं लिहून तयार गाणं मिळवलं, तर कोणते नियम लागले ते तुम्हाला कळत नाही आणि बदलताही येत नाहीत. इथे नियमच तुम्ही लिहिता. नियम कधी चार ओळींचे, कधी एकाच ओळीचे.

ही कल्पना आजची नाही. लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅकसन यांनी १९५७ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या इलियाक संगणकाकडून एक स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, करून घेतलं. संगणक आकडे काढायचा, आकड्यांचे स्वर व्हायचे, आणि स्वररचनेच्या नियमांत न बसणारे स्वर तो फेकून द्यायचा. उरलेलं कागदावर उतरवून चार माणसांनी वाजवलं. पुढे आयानिस झेनाकिस या संगीतकारानं १९६२ मध्ये आयबीएम ७०९० संगणकावर संभाव्यतेची गणितं लावून रचना केल्या.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘सारेग, रेगम, गमप’ हा अलंकार म्हणजे एका ओळीचा नियमच आहे: तीन स्वर चढा, एक पायरी पुढे सरका, पुन्हा तेच. तबल्याचा कायदा तर याहून कडक. मूळ कायद्यात आलेलेच बोल पलट्यात यायचे, खाली-भरी (डग्गा गप्प आणि डग्गा घुमता) सांभाळायची, शेवटी तिहाईनं, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर यायचं. चांगला तबलजी या चौकटीत पाऊण तास रमू शकतो. पलट्यांतले कुठले वाजवायचे आणि कुठले सोडायचे, ते तो कानानं ठरवतो. संगणकावरही कष्टाचं काम तेच आहे, आणि या पानावर मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

मला एकही वाद्य येत नाही. चालेल?

चालेल. पण ऐकता यायला हवं. दोन आवाजांतला फरक शब्दांत सांगता येईल इतकं तरी.

सुरुवातीला काय विकत घ्यावं?

लॅपटॉप असेल तर फक्त चांगले वायरचे हेडफोन. ब्लूटूथचे नकोत, पट्टी दाबल्यावर आवाज इतका मागून येतो की वाजवणं अशक्य होतं. त्यानंतर वाटलंच तर दोन सप्तकांचा छोटा मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, कुठली पट्टी दाबली ते संगणकाला कळवणारा), ज्याला चार-आठ नॉब असतील. मला विचाराल तर पट्ट्यांपेक्षा नॉब महत्त्वाचे.

खरा, हाताला लागणारा सिंथ घ्यावा का? परवडत असेल तर एकच घ्या आणि आधी दुकानात जाऊन वाजवून बघा. परदेशातून मागवायचा असेल तर शिपिंग आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा, नाहीतर पार्सल दारात आल्यावर घाम फुटतो. ‘अ‍ॅनालॉगचा आवाज उबदार असतो’ या वाक्यावर मात्र पैसे खर्च करू नका. गाण्यात इतर चार आवाज वाजत असताना तो फरक ओळखणारी माणसं फार थोडी, आणि ओळखतो म्हणणारी भरपूर.

सॉफ्टवेअर कुठलं?

कोडनं सुरुवात करायची तर सोनिक पाय. केंब्रिजच्या सॅम एरननं तो रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी, शाळकरी मुलांना समोर ठेवून लिहिला. मोफत आहे, विंडोज आणि मॅकवरही चालतो. आज्ञा इंग्रजीत असल्या तरी मोजक्या शब्दांत काम भागतं. काही इन्स्टॉलच करायचं नसेल तर स्ट्रूडल ब्राउझरमध्ये उघडतो. तो टायडलसायकल्स या अ‍ॅलेक्स मॅक्लीनच्या भाषेचा वारस आहे आणि ठेक्यांसाठी फार चपळ.

कोड बघून डोकं दुखत असेल तर प्युअर डेटा. पडद्यावर चौकटी मांडायच्या, रेघांनी जोडायच्या. मिलर पकेट यानं आधी पॅरिसच्या इरकॅम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स नावाचं असंच सॉफ्टवेअर लिहिलं, नंतर हे मोफत भावंड. वायरी जोडण्याची हौस असेल तर व्हीसीव्ही रॅकमध्ये सुट्या भागांच्या सिंथची अख्खी मॉड्युलर भिंत पडद्यावर मिळते. तिच्यात एक धोका आहे: माणूस रात्रभर वायरी जोडत बसतो आणि सकाळी रेकॉर्ड केलेलं एक मिनिटही हाती नसतं.

सुपरकोलायडर ही कोडची भाषा सगळ्यांत ताकदवान. जेम्स मॅकार्टनीनं १९९६ मध्ये आणला, आज मुक्त स्रोत आहे, आणि सोनिक पायच्या पोटात आवाज काढणारं इंजिनही तेच. पहिल्या दिवशी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका.

आवाजासाठी सर्ज एक्सटी, व्हायटल आणि डेक्स्ड हे तीन सिंथ फुकट मिळतात. रेकॉर्डिंग आणि जुळवाजुळवीला रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण चालतो, नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा. एबलटन किंवा एफएल स्टुडिओ असं याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर आधीच असेल तर बदलायची काही गरज नाही.

प्रीसेट (सिंथमध्ये आधीच भरलेले तयार आवाज) न वापरता स्वतःचा आवाज कसा घडवायचा?

एकदा हाताने करून बघितलं की समजतं, म्हणून एक आवाज इथे पूर्ण घडवू या.

सर्ज किंवा व्हायटलमध्ये ‘इनिट’ नावाचा कोरा पॅच, म्हणजे आवाजाची मांडणी, उघडा. एकच ऑसिलेटर ठेवा, सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखा) तरंग, स्वर २२० हर्ट्झ. या आवाजात २२० बरोबर ४४०, ६६०, ८८० असे सगळ्या पटींतले स्वर आहेत: दुसरा मूळ स्वराच्या निम्म्या जोराचा, तिसरा एक तृतीयांश, चौथा एक चतुर्थांश. म्हणूनच तो इतका कर्कश लागतो. चौकोनी तरंगात फक्त विषम पटी असतात, त्यामुळे तो पोकळ, क्लॅरिनेटच्या अंगानं जाणारा वाटतो.

आता लो-पास फिल्टर चालू करा. कटऑफ ही त्याची सीमा, तिच्या वरचे स्वर तो कापतो; रेझोनन्स त्या सीमेजवळचे स्वर उठवतो. रेझोनन्स निम्म्याच्या वर न्या आणि कटऑफचा नॉब अगदी सावकाश खालून वर फिरवा. एकेक पटीतला स्वर उजळून मागे पडताना ऐकू येईल. तानपुऱ्याची जवारी लावताना खर्जाच्या तारेतून गांधार डोकावतो, तो ज्यांनी ऐकलाय त्यांना इथे काय चाललंय हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा ऑसिलेटर चालू करा, तोच तरंग, पण पाच सेंट वर. (सेमिटोनचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट.) २२० ला पाच सेंटचा फरक साधारण ०.६४ हर्ट्झचा, म्हणजे दीड-पावणेदोन सेकंदाला एक हेलकावा. आवाज जिवंत झाला. हाच फरक पंचवीस सेंट केला की जत्रेतला भोंगा झाला.

मग एन्व्हलप. अ‍ॅटॅक, म्हणजे आवाज उठायला लागणारा वेळ, ५ मिलिसेकंद ठेवला तर आवाज छेडलेला वाटतो, ८०० ठेवला तर घासलेला. फिल्टरला त्याचा वेगळा एन्व्हलप द्या, म्हणजे दर स्वराच्या सुरुवातीला उजेड आणि मग सावली. शेवटी दोन एलएफओ, एक ०.१ हर्ट्झचा कटऑफवर, दुसरा ०.१३ चा आवाजाच्या पातळीवर. दोघांचा वेग जुळत नसल्यानं हालचाल चटकन तशीच परत येत नाही.

सेव्ह करा, नाव मराठीत द्या. ‘न्यू पॅच १७’ दोन महिन्यांनी कुणालाही आठवत नाही.

आणि सिंथमधलं एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन) म्हणजे?

एका ऑसिलेटरनं दुसऱ्याच्या स्वराला इतक्या वेगानं हलवायचं की हलणं कानाला कळत नाही, वेगळाच पोत ऐकू येतो. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगला हे १९६७ मध्ये सापडलं. यामाहानं परवाना घेतला आणि १९८३ मध्ये डीएक्स७ हा सिंथ बाजारात आला. दोन ऑसिलेटरांचं गुणोत्तर साधं (१ ला १, १ ला २) ठेवलं तर आवाज सुरेल राहतो. १ ला १.४ केलं की घंटा. डेक्स्ड हा त्या डीएक्स७ चाच मोफत अवतार आहे.

मी स्वर रँडम, म्हणजे यदृच्छेनं, निवडून बघितले. नुसता कचरा ऐकू येतो.

येणारच. सगळ्या स्वरांना सारखी संधी दिलीत, म्हणजे कुठल्याच स्वराला अर्थ उरला नाही.

भूप घ्या. सा, रे, ग, प, ध. हे पाच स्वर रँडमला दिले तर काही बेसूर होत नाही, पण भूपही होत नाही. पाच स्वरांचं काहीतरी गोड किणकिणत राहतं, एवढंच. आता प्रत्येक स्वरासाठी एक तक्ता लिहा: इथून पुढे कुठे जायचं, दहापैकी किती वेळा. मी साधारण असा लिहितो. ग वर असताना चार वेळा रे, तीन वेळा प, दोनदा पुन्हा ग, एकदा सा. प वर असताना पाच वेळा ग, चार वेळा ध, एकदा तार सा. ध वर असताना सहा वेळा प, तीन वेळा तार सा, एकदा पुन्हा ध. सा वरून पाच वेळा रे, तीन वेळा मंद्र ध, दोनदा ग. रे वरून पाच वेळा सा, चार वेळा ग, एकदा प. मंद्र धैवतावरून नेहमी सा आणि तार सा वरून नेहमी ध, म्हणजे तक्ता कुठे अडत नाही.

याला मार्कोव्ह साखळी म्हणतात. आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञानं १९१३ मध्ये पुश्किनच्या एका काव्यातली वीस हजार अक्षरं घेऊन स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं ते मोजलं होतं. संगीताशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

तक्ता चालवा. ‘गरेसा’, ‘पग’, ‘धपग’ असे तुकडे आपोआप पडू लागतात आणि भूपाची सावली दिसते. खरी गंमत पुढे. देसकार या रागात स्वर हेच पाच. पण भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार, तो पूर्वांगात, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमतो; देसकाराचा वादी धैवत, तो उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात, आणि रिषभ तिथे दुबळा. म्हणजे स्वरांची यादी न बदलता फक्त तक्त्यातले आकडे बदलले की वेगळी वस्तू तयार होते. सगळं वजनात आहे.

तरी दोन गोष्टी हव्यात. पहिली, साखळीनं एक नाही, मागचे दोन स्वर बघावेत. धैवतावर तुम्ही तार सा वरून उतरून आलात की पंचमावरून चढून, यावर पुढचं पाऊल ठरतं. एकच स्वर बघणाऱ्या तक्त्याला हे दिसत नाही. दुसरी, कालावधीचा तक्ता वेगळा ठेवा आणि तो स्वराला बांधा: भूपात ग वर थांबायची शक्यता मोठी, रे वर लहान. सगळे स्वर सारख्या लांबीचे असतील तर वजनं कितीही विचारपूर्वक लिहा, शिलाईचं यंत्र चालल्यासारखंच वाटतं.

आणि कृपा करून निघालेल्या गोष्टीला ‘राग भूप’ असं नाव देऊ नका. तो कच्चा माल आहे, गायलेला राग नाही.

आवडलेला तुकडा परत तसाच कसा मिळवू?

सीड वापरा. संगणकाचं रँडम एका आकड्यापासून मोजत निघतं. आकडा तोच, तर निकाल तोच. सोनिक पाय तर मुद्दाम दर वेळी तोच क्रम देतो. आवडलेल्या सीडचे आकडे वहीत टिपून ठेवा.

ठेका कसा लिहायचा? सगळे ट्युटोरियल चार-चारच्या किकनं (बास ड्रमच्या ठोक्यानं) सुरू होतात.

युक्लिडियन ठेके शिका, काम फार सोपं होतं. इतक्या मात्रांत इतके ठोके, शक्य तितक्या समान अंतरावर: बस, एवढाच नियम. आठात तीन म्हणजे ३+३+२. यामागचं सूत्र मूळचं न्यूट्रॉन निर्माण करणाऱ्या अणुभौतिकीच्या यंत्रातल्या वेळापत्रकासाठी लिहिलं गेलं होतं. तेच जगभरच्या ठेक्यांना लागू पडतं हे गॉडफ्रीड तूसाँ या संगणकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये मांडलं. सोनिक पाय, स्ट्रूडल, व्हीसीव्ही, सगळीकडे हे तयार मिळतं.

सातात तीन मागा आणि चक्र थोडं फिरवून घ्या: ३+२+२, आपला रूपक. दहात चार मागा, फिरवा: २+३+२+३, झपताल. हे पहिल्यांदा पडद्यावर दिसतं तेव्हा मजा वाटते. पण सूत्राला खाली-भरी कळत नाही. रूपकाचा ठेका म्हणून बघा: ती ती ना, धी ना, धी ना. सम ‘खाली’च्या जागीच आहे, डग्गा पहिल्या तीन मात्रा गप्प. म्हणजे इलेक्ट्रॉनिक रूपकात किक पहिल्या मात्रेवर पडायलाच नको. ती चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर हवी, आणि समेवर एखादी कोरडी टाळी किंवा रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा ठोका). डान्स म्युझिकच्या सवयीचा हात पहिल्या मात्रेवर किक ठेवायला शिवशिवतो. ती काढली की सगळं तरंगायला लागतं.

तिहाई आपोआप बसवता येते का?

येते, आणि हा माझा आवडता छोटा प्रोग्राम आहे. समेपासून सुरू करायचं असेल तर तुकड्याची लांबी तिप्पट आणि मधल्या विरामाची दुप्पट, यांची बेरीज आवर्तनापेक्षा एकनं जास्त यायला हवी. तीनतालात ती १७: तुकडा ५ मात्रांचा आणि विराम १ चा, किंवा तुकडा ३ आणि विराम ४. झपतालात ११: तुकडा ३, विराम १. रूपकात ८: तुकडा २, विराम १. दोन आवर्तनांची तिहाई हवी तर तीनतालात बेरीज ३३ धरा. संगणकाला सगळ्या जोड्या काढू द्या आणि दर आठव्या आवर्तनाला एक निवडू द्या. तुकड्यातले स्वर वरच्या भूपाच्या तक्त्यातून घेतले तर तिहाई दर वेळी नवी, पण पडते बरोबर समेवर.

मींड कशी आणायची? माझे स्वर पायऱ्या चढल्यासारखे वाजतात.

सिंथ मोनो मोडवर (एका वेळी एकच स्वर) ठेवा आणि ग्लाइड (स्वरावरून स्वरावर घसरणं) चालू करा, तेही फक्त लेगाटोला, म्हणजे स्वर एकमेकांना चिकटले तरच घसरेल. ग्लाइडचा वेळही तक्त्यातून येऊ द्या. प्रत्येक घसर सारख्या लांबीची झाली की ती मींड वाटत नाही, हवाईयन गिटार वाटते.

पिच बेंड वापरायचं तर त्याची मर्यादा सहसा दोन सेमिटोन असते, ती बारा करा. मिडीच्या इतर बऱ्याच संदेशांत १२८ पायऱ्या असतात, पिच बेंडला १६,३८४ आहेत, त्यामुळे घसर गुळगुळीत राहते. अडचण अशी की बेंड अख्ख्या चॅनलला लागतो. दोन स्वर वाजत असतील तर दोन्ही घसरतात. २०१८ मध्ये एमपीई हा प्रकार प्रमाणित झाला. त्यात प्रत्येक स्वराला स्वतःचं चॅनल मिळतं.

तानपुरा लावला की सिंथचा गंधार बोचतो. माझा कान खराब आहे का?

उलट चांगला आहे. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तानपुऱ्यातून उमटणारा ५:४ चा गंधार ३८६ वर. चौदा सेंटचा फरक स्वच्छ ऐकू येतो. सर्ज आणि व्हायटल दोन्ही स्काला फाइल वाचतात. ती साध्या मजकुराची फाइल, त्यात तुमच्या स्वरांची गुणोत्तरं लिहायची. मात्र बाराही स्वर असे लावले आणि वर कॉर्ड बदलायला गेलात तर काही कॉर्ड भयंकर वाजतील. षड्ज पक्का ठेवून एकाच सुरावर काम करणाऱ्यांना याचा फायदा, बाकीच्यांनी सोडून द्यावं. बावीस श्रुतींच्या वादात तर पडूच नका, त्यात ट्रॅक पूर्ण होत नाहीत.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो.

ऑडिओ सेटिंगमध्ये बफर कमी करा, म्हणजे संगणक वाजवण्याआधी जितके आवाजाचे नमुने साठवतो ते. ४४,१०० च्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला इतके नमुने) ५१२ चा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे २.९. विंडोजवर साध्या साउंड कार्डाला एएसआयओ हा कमी उशिराचा ड्रायव्हर लावलेला बरा. बफर कमी केल्यावर आवाज तडतडायला लागला तर एक पायरी मागे या.

लूप छान होतो, पण त्याचं गाणं होत नाही.

बहुतेक लोक इथेच अडकतात, आणि नवं प्लगइन घेऊन यावर काही उपाय होत नाही.

एक मार्ग असमान लांबीच्या लूपचा. बास ७ मात्रांचा, सूर ९ चा, वरची किणकिण ११ ची ठेवा. तिन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला ६९३ मात्रा लागतात. मिनिटाला साठच्या लयीत साडेअकरा मिनिटांहून थोडं अधिक. तितका वेळ जुळणी सतत बदलत राहते आणि तुम्ही लिहिलेलं असतं जेमतेम सत्तावीस मात्रांचं. ब्रायन ईनो या संगीतकारानं सत्तरच्या दशकात टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या लूपनं हेच केलं.

पण नुसत्या बदलानं गाणं पुढे सरकत नाही. त्यासाठी मी एकच आकडा ठेवतो, जो पाच मिनिटांत ० पासून १ पर्यंत जातो, आणि सगळं त्याला बांधतो: फिल्टर उघडणं, मिनिटाला किती स्वर पडतात, कुठल्या सप्तकात पडतात, विरामाची शक्यता. आलाप, जोड, झाला ही रचना या एका आकड्यात बऱ्यापैकी मावते. आकडा सरळ रेषेत चढवू नका. ०.७ ला नेऊन एकदम ०.३ वर आणा, तिथे थोडं रेंगाळा, मग वर न्या.

त्यानंतर यंत्र चालू करून वीस मिनिटं रेकॉर्ड करा आणि उठा. चहा घ्या, फिरून या. दुसऱ्या दिवशी ऐकताना कागदावर वेळा टिपा: कुठे कान टवकारले, कुठे मन भलतीकडे गेलं. वीसातली चार-पाच मिनिटं ठेवा. बाकीचं निर्दयपणे उडवा, त्यातलं काही ‘वाईट नव्हतं’ तरीही. दोन लोकांना सोनिक पायमध्ये तोच कोड दिला तर यंत्रातून सारखंच निघेल. कोणती चार मिनिटं ठेवली यात मात्र दोघांचं जमणार नाही. तुमचं संगीत तिथे सुरू होतं. नियम आणखी हुशार करत बसणाऱ्यांना हे पटत नाही, कारण नियम लिहिण्यात मजा येते आणि कापण्यात जीव जातो.

मग मालकी कुणाची, माझी की संगणकाची?

तुमची. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या साहाय्यानं निर्माण झालेल्या संगीतकृतीची कर्ता म्हणून ती निर्माण करवणारी व्यक्ती धरली आहे. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं असलं म्हणून तुमचा ट्रॅक मुक्त होत नाही.

जुन्या मराठी गाण्याचे पाच-सात सेकंद घेतले तर चालतं ना?

सेकंदांचा असा कुठलाही सूट देणारा नियम कायद्यात नाही. ती नुसती अफवा आहे. आणि हक्क दोन असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, तर चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रेकॉर्ड हक्कमुक्त झाली तरी चाल झालेली नसू शकते.

त्यापेक्षा मोबाइल काढा आणि घरातलं रेकॉर्ड करा. कुकरची शिट्टी, एसटीच्या खिडकीची थरथर, जिन्यात घुमणारी हाक. ते ग्रॅन्युलर सिंथमध्ये टाका. तो आवाजाचे काही मिलिसेकंदांचे कण करतो आणि तुम्ही सांगाल त्या क्रमानं पसरतो. शिट्टीचा एक सेकंद दोन मिनिटांवर ताणला की काय निघतं ते ऐकण्यासारखं असतं. बाहेरचे आवाज हवेच असतील तर फ्रीसाउंड या संकेतस्थळावर शोधा, पण प्रत्येक फाइलचा परवाना वाचा. काही बंधनमुक्त, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यावसायिक वापराला चालत नाहीत.

आपल्याकडे हे आधी कुणी केलंय का?

केलंय, आणि लवकर केलंय. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या मदतीनं मूगचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा वगैरे मंडळींनी तिथे १९७२ पर्यंत केलेलं काम टेपांवर पडून होतं; ते लोकांसमोर २०२३ मध्ये आलं.

मुंबईत चरणजित सिंग. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि टीआर-८०८ हे ठेक्याचं, आणि १९८२ मध्ये दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवून रेकॉर्ड काढली. ती खपली नाही. शिकागोत याच टीबी-३०३ मधून अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं संगीत निघालं ते काही वर्षांनी. २०१० मध्ये रेकॉर्ड परत निघाली तेव्हा युरोपातल्या लोकांना ती १९८२ ची आहे यावर विश्वास बसेना. ३०३ मध्ये प्रत्येक पायरीला ‘स्लाइड’ लावता येतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी. रागदारी कानात असलेल्या माणसाच्या हाती ते बटण लागल्यावर काय होणार, हे त्या रेकॉर्डमध्ये ऐकू येतं. चरणजित सिंग २०१५ मध्ये मुंबईतच गेले.

हेडफोनवर बास दणदणीत, मोबाइलवर गायब. का?

मोबाइलचा स्पीकर ५० हर्ट्झ काढूच शकत नाही. बासला थोडं डिस्टॉर्शन द्या. वरच्या पटी तयार होतात आणि कान त्यावरून खालचा स्वर स्वतः भरून घेतो. ट्रॅक टाकण्यापूर्वी मोबाइल, गाडी आणि एखादा स्वस्त ब्लूटूथ स्पीकर अशा तीन ठिकाणी ऐका. आवाज उगाच फुगवू नका, स्पॉटिफाय तो साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणूनच वाजवतं.

लोकांसमोर वाजवायचं कसं? लॅपटॉपकडे बघत बसलेला माणूस कोण पाहणार?

म्हणूनच लाइव्ह कोडिंगवाले, म्हणजे कार्यक्रमातच कोड लिहून वाजवणारे, पडद्यावर कोड दाखवतात; तुम्ही आकडा बदलता आणि लोकांना तो बदल वाचताही येतो, ऐकूही येतो. अशा संगीतावर नाचायच्या पार्ट्यांना अल्गोरेव्ह म्हणतात. कोड दाखवायचा नसेल तर आठ नॉब समोर ठेवा आणि प्रत्येकाला एकच ठळक काम द्या. ऑक्टोपॅडवाला मित्र असेल तर त्याला सोबत घ्या: यंत्राला ठेका धरू दे, तिहाई त्याच्याकडे. कार्यक्रमाआधी लॅपटॉपचे अपडेट आणि वायफाय बंद करा, ऑडिओ जॅकच्या दोन जास्तीच्या वायरी पिशवीत टाका, आणि हॉलमधल्या साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा की मध्ये दहा सेकंद शांतता येईल, ती बिघाड नाही.